पाकिटावरची लाल रेघ

आपल्या मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "कुमुदताई, तुम्ही इतकी वर्षं कारखान्यात होतात, त्याच्यावर लिहा काहीतरी." मी म्हटलं, अहो, मी काय लिहू? मी लेबलं बघायची. त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा." चहा पिऊन त्या गेल्या, आणि मी तेव्हापासून कागद पुढे घेऊन बसले आहे. लोकांनी पाकिटावरचं वाचावं म्हणून मी ते आधी वाचायची. आणि लोक तर वाचतच नाहीत. मग मी बावीस वर्षं नेमकं केलं काय, हे मलाच नीट सांगता येत नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा.

कारखाना इथे ग्वाल्हेरातच, बिर्ला नगरच्या पुढे, एका पत्र्याच्या शेडमध्ये. आधी तिथे धुण्याची पावडर भरायचे, मग डास पळवायच्या अगरबत्त्या, आणि शेवटची दहा-बारा वर्षं वेट वाइप्स. म्हणजे ते ओले रुमाल हो, पाकिटातून एकेक ओढून काढायचे. बाळाचं ढुंगण पुसायला, प्रवासात तोंड पुसायला. कापडासारखं दिसतं, पण ते विणलेलं नसतं. मोठाले रोल येतात, ते कापायचे, घडी घालायची, सुगंधी पाण्याने भिजवायचे, पाकिटात बंद करायचे आणि वर तोंडाला उघडझाक करता येईल असं स्टिकर लावायचं. बास. दाल-बाटी करण्यापेक्षा सोपं.

माझं काम ह्याच्या आधीचं. पाकिटाचा रोल छापायला जाण्यापूर्वी प्रेसमधून एक नमुना येतो, त्याला प्रूफ म्हणतात. ते वाचायचं आणि खाली कोपऱ्यात सही करायची. माझी सही असल्याशिवाय प्रेसवाले मशीन चालू करत नसत. मी अकरावी पास, इंग्रजी सगळं कारखान्यात डबे वाचून वाचून शिकले. पण माझी एक युक्ती होती. मी प्रूफ उलटं वाचायची. शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून मागे मागे. सुलटं वाचलं की मन पुढे पळतं आणि चुकीचं असलेलं बरोबर करून घेतं. उलटं वाचलं की प्रत्येक शब्दाला एकेकटं उभं राहावं लागतं. एकदा पत्त्यामध्ये प्रेसवाल्यांनी ग्वाल्हेरच्या जागी दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यातलं भिंड गाव ठेवून दिलं होतं, ते मी असंच पकडलं. सेठजी, म्हणजे आमचे मालक, सगळ्यांना सांगायचे, "कुमुद बाई की नज़र से मच्छर नहीं निकलता." मला काय, बरं वाटायचं.

पाकिटावर जो फोन नंबर छापलेला असतो ना, तो आमच्याकडे माझ्याच टेबलावर वाजायचा. कारण विचारणारे पाकिटाविषयीच विचारणार, आणि पाकीट म्हणजे मी. काय काय विचारायचे लोक! "बहनजी, धो के दुबारा चला सकते हैं?" "सूख गया है, पानी डाल दें?" एका बाईंनी विचारलं, यानं देव पुसले तर चालेल का. मी म्हटलं, देवांना विचारा. मुरारहून एक जैन गृहस्थ दर महिन्याला फोन करायचे की ह्याच्यात अंडं तर नाही ना, हिरवा ठिपका का नाही? मी दहा वेळा सांगितलं, काका, हे खायचं नाही. ते म्हणायचे, "बच्चा मुँह में ले लेगा तो?" शेवटी सेठजींनी कंटाळून पाकिटावर हिरवा ठिपका छापायला सांगितला. पुसायच्या कपड्यावर शाकाहारी ठिपका! मी त्याच्यावरही सही केली.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

जयेंद्रगंजमध्ये माझे चुलतभाऊ राहतात, नाना. संस्कृतचे मास्तर होते. त्यांना अर्धांगवायू झाला आणि ते पलंगावर पडले ते पडलेच. वत्सलावहिनी त्यांचं सगळं करायच्या, एकट्या. मुलगी इंदूरला. तळमजल्यावर मागची खोली नानांची, तिला लागूनच न्हाणीघर. पडून पडून नानांच्या कमरेजवळ जखम झाली होती. डॉक्टरांनी वहिनींना बजावलं होतं, "माताजी, घाव को गंदा पानी छूना नहीं चाहिए. बिगड़ गया तो फिर मेरे हाथ में नहीं है." वहिनी त्या जखमेला जीवापाड जपायच्या.

आमच्याकडे ज्या पाकिटांवर स्टिकर वाकडं बसायचं ती दुकानात जात नसत, आम्हा बायकांना घरी न्यायला मिळायची. मी ती वहिनींना नेऊन द्यायची. त्यांना फार सोय झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुमुद, अगं, वापरून झाल्यावर हे टाकायचं कुठे?"

मी पाकीट उलटं केलं आणि दाखवलं. मागे एक छोटं चित्र होतं. एक माणूस, पुढे कमोड, आणि माणसाच्या हातातून एक चौकोनी तुकडा आत पडतो आहे. मी म्हटलं, "हे बघा वहिनी, कमोडमध्ये."

वहिनींचा चेहरा असा खुलला की काय सांगू! त्यांच्या घरात सोवळं-ओवळं अजून पुष्कळ आहे. असली वस्तू घरात साठवायची, ती दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येईपर्यंत, ह्या विचारानेच त्यांना कसंतरी होत होतं. त्या म्हणाल्या, "देवासारखी धावून आलीस गं."

दोन-तीन महिने गेले. एक दिवस सकाळी वहिनींचा फोन आला, न्हाणीघराच्या जाळीतून घाण पाणी वर येतं आहे. मी पोचले तर गल्लीत ही गर्दी. घरासमोरचा चेंबर तुंबला होता. वरच्या मजल्यांचं, शेजारच्यांचं सगळं पाणी पुढे सरकेना, आणि वहिनींचं न्हाणीघर सगळ्यात खाली, म्हणून ते तिथे येत होतं. शेजारी भांडत होते. कुणी म्हणे मिठाईवाल्याच्या तुपाने झालं, कुणी म्हणे वरच्या भाडेकरू मुलींनी काहीतरी टाकलं. त्या मुली बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या.

सफाईचं काम करणारा मुन्नालाल आला. तो त्या भागात वर्षानुवर्षं आहे. लांब बांबूच्या कामट्या जोडून त्याने आत घातल्या, खूप वेळ फिरवल्या, आणि मग एक दोरी बाहेर ओढायला लागला. संपेचना. बाईची वेणी असावी तशी पिळलेली, काळी, माझ्या उंचीपेक्षा लांब.

"जे कपड़ा कौन डाल रओ है?" मुन्नालाल सगळ्यांकडे बघून म्हणाला. "आज बाँस से निकल आओ. नहीं निकलतो तो मोए भीतर उतरनो पड़तो."

त्याने बादलीभर पाणी ओतलं आणि वेणीतला एक तुकडा सुटा करून पसरला. त्याच्यावर पान होतं. छोटं, दाबून उमटवलेलं पान. बाकीच्या कारखान्यांच्या रुमालांवर ठिपके असतात किंवा रेघा असतात. पान आमचंच. मी रोज बघायची ना ते! वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या, त्यांच्याकडे मी बघितलंच नाही.

पण तरी मला समजेना. आमच्या पाकिटावर तर लिहिलं आहे, म्हणजे चित्र आहे, कमोडमध्ये टाका. मग हे असं का झालं? हरिशंकरपुरमला घरी येऊन मी दोन बादल्या भरल्या. एकीत वर्तमानपत्राचा तुकडा टाकला, एकीत आमचा रुमाल, आणि दोन्ही काठीने ढवळत बसले. संध्याकाळपर्यंत कागदाचा लगदा व्हायला लागला. रुमाल तसाच. दुसऱ्या दिवशी तसाच. चौथ्या दिवशी मी तो पिळला, दोरीवर वाळत घातला आणि त्याने गॅसची शेगडी पुसली. चांगली निघाली.

मग कारखान्यात जाऊन मी जुनी फाइल काढली. झालं होतं असं की सेठजींनी दिल्लीच्या कुठल्याशा प्रदर्शनातून एक परदेशी पाकीट आणलं होतं आणि म्हणाले होते, "यह चित्र भी डाल दो, विदेशी लगता है." मूळ पाकीट फाइलमध्ये होतं. तोच माणूस, तोच कमोड, तोच पडणारा तुकडा. आणि त्या सगळ्यावरून तिरकी, जाड, लाल रेघ.

आमच्या प्रेसचं मशीन दोन रंगांचं. निळा आणि हिरवा. लाल त्यांच्याकडे नव्हता, म्हणून लाल तेवढा गेला. आणि "यात टाकू नका" याचं "यात टाका" झालं.

प्रूफच्या कोपऱ्यात माझी सही होती. मी त्यावरचं अक्षर अन् अक्षर उलटं वाचलं होतं, पत्ता, तारीख, सगळं. चित्र वाचलं नव्हतं. चित्रात काय वाचायचं, असं मला वाटायचं. आणि लोक तर फक्त चित्रच बघतात!

मी तो वाळवलेला रुमाल डब्यात घातला आणि सेठजींच्या टेबलावर ठेवला.

"टिफिन में क्या लाई हो, कुमुद बाई?"

"आपका माल है. चार दिन पानी में था."

त्यांनी उचलून नाकाला लावला. "अरे वाह! खुशबू तो अभी तक है."

मला हसावं की रडावं कळेना. मी सगळं सांगितलं. चेंबर, वेणी, नाना, मुन्नालालला आत उतरावं लागलं असतं ते. त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "पास किसने किया था?"

"मैंने."

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "नया रोल तीन रंग में छपवाएँगे. दूसरी प्रेस देखो. लेकिन गोदाम भरा पड़ा है, उसका क्या करोगी?"

मी म्हटलं, चित्र तर बरोबर आहे, फक्त रेघ नाही. रेघ आपण हाताने मारू. लाल मार्कर आणले. पण त्या गुळगुळीत पाकिटावर मार्कर टिकेना, बोट लागलं की पुसून जाई. तेव्हा पॅकिंगला बसणारी गीता म्हणाली, "दीदी, नेल पॉलिश." आणि खरंच ती बसली! मग काय, दोन आठवडे आम्ही सगळ्या बायका नेल पॉलिशच्या बाटल्या घेऊन गोदामात. शेडमध्ये तो वास, डोकी भणभणलेली, प्रत्येकीची बोटं लाल. गीता म्हणायची, "इतने पैकेट सज गए, मेरी शादी में मेरे नाखून नहीं सजे थे." एकेक रेघ मारताना मी मनात म्हणायची, ही नानांची, ही नानांची.

आणि माल दुकानात गेल्यावर फोन सुरू झाले. "बहनजी, पैकेट पर यह खून जैसा क्या लगा है?" एका दुकानदाराला वाटलं की हा नापास केलेला माल आहे, त्याने सगळी खोकी परत पाठवली. दुसऱ्याने थिनरने सगळ्या रेघा पुसून काढल्या, वर मलाच सांगितलं, "साफ करके बेच दिया, चिंता मत करो." आणि मुरारचे ते काका! त्यांचा आवाज थरथरत होता. "पहले हरा था, अब लाल कर दिया. अंडा कब से डालने लगे?" मी त्यांना अर्धा तास समजावलं की लाल रेघ म्हणजे मांसाहारी नव्हे, लाल रेघ म्हणजे कमोडमध्ये टाकू नका. ते म्हणाले, "कमोड में कौन डालता है? हमारे यहाँ तो देसी है." मी फोन ठेवला. आधीची चूक जास्त वाईट होती की ही दुरुस्ती, मला ठरवता येईना.

ह्या सगळ्यात मी वहिनींना खरं सांगितलं नव्हतं. एवढंच म्हटलं होतं, "वहिनी, ते आता कमोडमध्ये टाकू नका हं, नियम बदललाय." त्या "बरं" म्हणाल्या. नियम बदललाय! माझी जीभ कशी वळली कोण जाणे.

आणि पुन्हा फोन आला. ह्या वेळी पाणी खोलीत.

मी ई-रिक्षाने जाईपर्यंत खोलीभर पाऊलभर पाणी झालं होतं. नानांच्या चादरीचं एक टोक खाली लोंबत होतं, ते भिजलं होतं, आणि ओल वर वर चढत होती. वहिनी ते टोक दोन्ही हातांनी धरून उचलून उभ्या होत्या. सोडलं तर पाण्यात जाईल, आणि एकटीने पलंग हलेना. नाना मला बघून त्यांच्या त्या जड जिभेने म्हणाले, "कुमुद, नदी आली गं घरात. आता स्नानाची चिंता नाही." वहिनी म्हणाल्या, "गप्प बसा हो तुम्ही!" आणि त्यांचा आवाज फाटला.

बाहेर मुन्नालालने बांबूने चेंबर मोकळा केला होता, पाणी उतरायला वेळ लागणार होता. तो मागच्या दारापाशी आला. तो दाराच्या आत कधी येत नसे, त्या घरात त्याला कुणी कधी बोलावलं नव्हतं. त्याने बघितलं, आणि वहिनींकडे बघून विचारलं, "अम्मा, आ जाऊँ?"

वहिनी म्हणाल्या, "आ भैया, जल्दी आ."

त्याने आणि वरच्या मजल्यावरच्या त्या दोन मुलींनी नानांसकट पलंग उचलला, मी खाली विटा सरकवल्या. मुन्नालालचे हात जसे होते तसे होते. वहिनींनी ते पाहिलं, आणि त्याचा पाय घसरू नये म्हणून त्याच्या पायाखालची भिजलेली चटई स्वतः ओढून बाजूला केली.

बाहेर चेंबरपाशी नवी वेणी पडली होती. पहिलीपेक्षा लहान. पानाची.

डॉक्टर येऊन जखम बघून गेले. थोडक्यात वाचलं होतं, चादरीतली ओल जखमेपासून दोन बोटांवर थांबली होती. सगळं फिनेलने धुऊन झाल्यावर मी आणि वहिनी ओट्यावर बसलो. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "वहिनी, नियम बदलला नव्हता. ती चूक माझी होती. चित्रावर लाल रेघ हवी होती, ती राहिली, आणि मी सही केली."

वहिनींनी साडीचा भिजलेला काठ पिळला. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"पहिल्या वेळी त्याने ते पान पसरलं, तेव्हा मी तुझ्या शेजारीच नव्हते का? मला काय दिसत नाही? त्याच दिवशी कळलं की हे विरघळत नाही."

"मग तरी तुम्ही?"

"तरी टाकलं." त्या पदराने हात पुसत राहिल्या. "ह्यांचं दिवसातून चार-चारदा. ते घेऊन घरात बसायचं? देवघर आहे सात पावलांवर. हात थबकायचा गं माझा. मग मी ते तुझं जुनं पाकीट उलटं करून चित्र बघायची. म्हणायची, कुमुदने पास केलंय ना. आणि सोडायची."

मला राग आला, खरं सांगते. आणि लगेच लाज वाटली. मग पुन्हा राग. यात माझं किती चुकलं, त्यांचं किती, त्या दोन रंगांच्या मशीनचं किती, हे मी उलटं वाचून बघितलं आणि सुलटं वाचून बघितलं. आजपर्यंत मला त्याचं उत्तर लागलेलं नाही. चूक नुसती माझी असती तर मी तिच्यावर लाल रेघ मारून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी मागच्या दाराबाहेर, धुण्याच्या दगडापाशी, झाकणाचा एक पत्र्याचा डबा ठेवला. कुणी सांगितलं नाही, त्यांनी आपणहून ठेवला. सकाळी कचऱ्याची गाडी आली की तो डबा घेऊन स्वतः फाटकाशी जातात. पहिल्या दिवशी त्या ओल्या कचऱ्यात टाकायला लागल्या, कारण वस्तू ओली, तर गाडीवरची बाई ओरडली, "गीले में नहीं अम्मा, इसका डिब्बा अलग है!" मीही तिथे होते, मलाही तोवर माहीत नव्हतं. मी वेट वाइप्सची लेबलवाली!

तेव्हापासून नानांच्या खोलीत पाणी आलेलं नाही. जखम भरली. गल्लीत बाकीचे काय टाकतात ते कोण जाणे, मुन्नालाल मधूनमधून येतो. आता तो मागच्या दारातून आत डोकावून विचारतो, "दादाजी ठीक हैं?"

तीन रंगांचं नवं पाकीट छापून आलं तेव्हा मला निवृत्त व्हायला थोडे दिवस होते. त्याचं प्रूफ मी चित्रासकट वाचलं. काय सुंदर आली होती ती रेघ! पहिलं पाकीट घेऊन मी सकाळीच वहिनींकडे गेले. जानेवारी होता, ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला मी काय सांगायची. वहिनी ओल्या केसांनी थरथरत देवघरासमोर उभ्या. मी म्हटलं, "आज इतक्या उशिरा अंघोळ?"

नाना आतून म्हणाले, "दुसरी आहे ती. डबा देऊन आली की रोज दुसरी."

"अहो वहिनी, हात धुतले की झालं की!"

"तुझं झालं," त्या म्हणाल्या. "माझं नाही होत." शहाहत्तर वर्षांच्या आहेत त्या.

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ती लाल रेघ बघितली, बोटाने घासून बघितली, जात नाही म्हणाल्या. "छान झालं गं." आणि पाकीट नानांच्या उशाशी ठेवून, दात वाजत असताना, त्या निरांजनाची वात करायला बसल्या.

मी नानांच्या खोलीत गेले. चपला काढल्या होत्या, फरशी पायाला कोरडी खडखडीत लागली. उशाशी पाकीट होतं, त्यावर सगळं बरोबर छापलेलं होतं, कुठे टाकायचं आणि कुठे नाही. त्यासाठी कुणाला रोज दोनदा अंघोळ करावी लागते, ते कुठे छापायचं असतं, मला माहीत नाही.